चुंबकाची आयात : लहान आकडा, मोठे परावलंबन

(अर्थकारणविषयक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



‘स्थायी धातू-चुंबकांच्या आयातीचे आंतरराष्ट्रीय प्रवाह’ असा विषय संयोजकांनी पत्रिकेवर छापला आहे. इतका रुक्ष विषय असूनही आपण रविवारी सकाळी एवढ्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपलेच अभिनंदन केले पाहिजे. मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. तेव्हा आकडे आणि अधिसूचना यांच्या पाठीमागे जाऊन एका पत्रकाराला जे उमगले, तेवढेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

सुरुवात सीमाशुल्क खात्यापासून करू. जगातील बहुतेक सर्व देश आयात-निर्यातीच्या मालाला समान सांकेतिक क्रमांक देतात. त्यात ८५०५११ हा क्रमांक धातूच्या स्थायी चुंबकांचा आणि ८५०५१९ हा धातू नसलेल्या चुंबकांचा. आपल्या घरातील फ्रिजच्या दाराला जी चिकटपट्टीसारखी रबरी पट्टी असते तिच्यातील चुंबक, किंवा जुन्या लाउडस्पीकरच्या पाठीमागचे काळे कडे, हे ‘फेराइट’ म्हणजे एका प्रकारे भाजलेल्या मातीच्या भांड्याच्या जातीचे. ते स्वस्त असते, आणि त्यासाठी फारसे कोणापुढे हात पसरावे लागत नाहीत. आज जगाला ज्याची चिंता लागली आहे तो पहिल्या क्रमांकाचा माल, धातूचा. त्यातही नियोडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या संयोगातून बनणारा चुंबक. फेराइटच्या सुमारे दहापट ताकद त्यात सामावते. म्हणूनच कानात घालण्याएवढा स्पीकर निघू शकला, आणि स्कूटरच्या चाकात मावेल एवढी मोटर माणसांना घेऊन चढ चढू लागली.

या चुंबकाचा जन्मच मुळी एका आयात-संकटातून झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चुंबकविद्येत जपानची परंपरा जुनी. १९१७ मध्ये कोतारो होंडा यांनी चुंबकीय पोलाद तयार केले, १९३१ मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी ॲल्युमिनियम-निकेल-लोहाचा चुंबक काढला. साठच्या दशकात अमेरिकेत समेरियम आणि कोबाल्ट यांचा अधिक बलवान चुंबक तयार झाला. कोबाल्ट यायचे प्रामुख्याने आफ्रिकेतील झाईर या देशातून, म्हणजे आजच्या काँगोमधून. १९७८ मध्ये तेथील शाबा प्रांतात बंडाळी उसळली, कोबाल्टचे भाव गगनाला भिडले आणि कोबाल्टवाचून चालेल असा चुंबक शोधण्याची निकड भासू लागली. १९८३ च्या सुमारास जपानमध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्सचे मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट हे दोघे, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, नियोडिमियमच्या चुंबकापाशी पोहोचले. कोबाल्टचे परावलंबन सुटले. त्याच्या जागी दुसरे येणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना असण्याचे कारण नव्हते. कारण त्या काळी या ‘दुर्मिळ मृदा’ गटातील मूलद्रव्यांची जगातील सर्वांत मोठी खाण खुद्द अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील माउंटन पास येथे होती.

‘दुर्मिळ मृदा’ हे नावही फसवे आहे. ही सतरा मूलद्रव्ये पृथ्वीच्या पाठीवर फारशी दुर्मिळ नाहीत. ती एकमेकांत इतकी मिसळलेली असतात आणि त्यांचे रासायनिक गुण इतके सारखे असतात की, त्यांना वेगळे करणे हेच खरे दिव्य. आम्लांच्या शेकडो टाक्यांतून तोच द्राव पुनःपुन्हा फिरवावा लागतो. पुढे त्याचा धातू, धातूपासून मिश्रधातू, मिश्रधातूचे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक चूर्ण, आणि तेही हवेचा स्पर्श होऊ न देता, कारण हे चूर्ण हवेत पेट घेते. मग चुंबकीय क्षेत्रात ते दाबून हजार अंशांच्या वर भट्टीत भाजायचे, घासून आकार द्यायचा, गंजू नये म्हणून निकेलचा मुलामा चढवायचा. खाणीपासून मोटरीपर्यंत ही सहा-सात कड्यांची साखळी आहे. यातील एक कडी जरी दुसऱ्याच्या हातात असली तरी उरलेल्या कड्यांचा अभिमान बाळगून काही उपयोग नसतो.

चीनने हे फार पूर्वी ओळखले. मध्यपूर्वेकडे तेल आहे तर चीनकडे दुर्मिळ मृदा, अशा अर्थाचे १९९२ मधील उद्गार डेंग झियाओपिंग यांच्या नावावर सांगितले जातात. पण उद्गार काढणे सोपे असते. त्यामागे तीस वर्षे उभी करणे अवघड. जनरल मोटर्सने १९८६ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात ‘मॅग्नेक्वेंच’ नावाने चुंबकाचा विभाग उभारला होता. १९९५ मध्ये तो विकला गेला आणि घेणाऱ्यांत दोन चिनी कंपन्या होत्या. अमेरिकी सरकारने संमती दिली. काही वर्षांतच तेथील उत्पादन चीनमध्ये हलले आणि इंडियानातले कामगार घरी बसले. तिकडे माउंटन पास येथील सांडपाण्याच्या नळांतून गळती झाल्यावर तेथील शुद्धीकरण १९९८ मध्ये थांबले, २००२ मध्ये खाणही बंद पडली. प्रदूषणाचा हा धंदा आपल्या दारात नको, स्वस्त माल मात्र हवा, अशी पाश्चात्त्य जगाची ती भूमिका होती. चीनमधील बाओतौ शहराजवळ विषारी गाळाचे प्रचंड तळे साचले, त्याचे छायाचित्र युरोपच्या वर्तमानपत्रांत छापून येई, आणि त्याच युरोपात तेथून आलेले चुंबक मोटारींत बसत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये चुंबकास लागणाऱ्या मृदांच्या खाणकामात चीनचा वाटा सुमारे ६० टक्के, शुद्धीकरणात ९१ टक्के आणि चुंबकांच्या उत्पादनात ९४ टक्के होता. खाणीकडून कारखान्याकडे जाताना टक्केवारी कशी चढत जाते, ते पाहा.

यातली एक गंमत सांगतो. भारी गटातील मृदांसाठी चीन स्वतःही आयातदार आहे. त्याचा मोठा कच्चा माल म्यानमारच्या काचिन प्रांतातून येतो, आणि २०२४ च्या अखेरीस तेथील खाणींचा महत्त्वाचा पट्टा काचिन बंडखोरांच्या ताब्यात गेला. कच्चा माल बाहेरून येत असूनही जगाची मान ज्याच्या हातात राहते, त्याचे बळ खाणीत नसून कारखान्यात आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आता आयातदारांकडे वळू. चिनी चुंबकांच्या मोठ्या ग्राहकांत २०२४ मध्ये जर्मनी, अमेरिका, दक्षिण कोरिया ही नावे होती. जर्मनी मोटारींमुळे, हे उघड आहे. त्या यादीत व्हिएतनामही वर असतो, तो फोन, स्पीकर यांच्या जोडणी-कारखान्यांमुळे. म्हणजे चुंबक तेथे उतरतो आणि तयार वस्तूच्या पोटात बसून पुन्हा जगभर जातो. तो जेव्हा आपल्या बंदरात उतरतो तेव्हा त्याची नोंद चुंबक म्हणून होतच नाही. फोन म्हणून होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

या परावलंबनाचा पहिला चटका बसला तो जपानला. ७ सप्टेंबर २०१० रोजी सेंकाकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी नौकेची जपानी तटरक्षक नौकांशी टक्कर झाली. जपानने कप्तानाला अटक केली, आणि थोड्याच दिवसांत दुर्मिळ मृदांची चीनमधून जपानकडे जाणारी जहाजे थांबली. चीनने बंदी घातल्याचे कधीच मान्य केले नाही. माल मात्र हलेना. त्या वेळी जपानची सुमारे ९० टक्के गरज चीनमधून भागत होती. कप्तान सुटला, तरी कोंडी लगेच सुटली नाही.

यानंतर जपानने जे केले त्याचा अभ्यास आपल्याकडे व्हावयास हवा तेवढा झालेला नाही, असे माझे मत आहे. तेथे मोर्चे निघाले, नाही असे नाही. पण त्याच वर्षीच्या पुरवणी अर्थसंकल्पात सरकारने या एका विषयासाठी १०० अब्ज येन बाजूला काढले. २०११ मध्ये सोजित्झ ही व्यापारी कंपनी आणि ‘जोगमेक’ ही सरकारी संस्था यांनी मिळून ऑस्ट्रेलियातील लायनस या कंपनीला २५ कोटी डॉलर दिले. खाण ऑस्ट्रेलियात माउंट वेल्ड येथे, शुद्धीकरण मलेशियातील क्वांतानजवळ. पुढे काय झाले? भाव कोसळले. २०१२ मध्ये अमेरिका, युरोप आणि जपान यांनी जागतिक व्यापार संघटनेत चीनविरुद्ध दाद मागितली, २०१४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०१५ मध्ये चीनने निर्यातीच्या कोटा-मर्यादा काढून टाकल्या. कायद्याने विजय मिळाला आणि बाजारात पराभव झाला. स्वस्त चिनी माल पुन्हा मुबलक झाला आणि त्यापुढे, मधल्या काळात पुन्हा सुरू झालेल्या माउंटन पासच्या मालक कंपनीने २०१५ मध्ये दिवाळे काढले. लायनसही त्याच वाटेवर होती. जपानी सावकारांनी तिला कर्जफेडीची मुदत वाढवून दिली, अटी सैल केल्या, आणि ती जगली. स्वस्त पर्याय समोर असताना महाग पुरवठादाराला जिवंत ठेवणे, यालाच मी धोरण म्हणतो. दुसरीकडे मुळात माल कमी कसा लागेल, यावर त्यांचे अभियंते खपत होते. २०१६ मध्ये होंडा आणि दाइदो स्टील यांनी भारी मृदा न वापरता संकरित मोटारीच्या मोटरीसाठी चुंबक तयार केला. जपानचे चीनवरील अवलंबन ९० वरून सुमारे ६० टक्क्यांवर आले. याला दशकाहून अधिक काळ लागला आणि तरीही ते ६० टक्के राहिले. ज्यांना दोन-तीन वर्षांत सर्व काही साधेल असे वाटते, त्यांनी हा आकडा विसरू नये.

आता २०२५. अमेरिकेने आयातशुल्क वाढवल्यानंतर, ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्यात-परवान्याची अट घातली : समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. यादी नीट ऐकलीत तर नियोडिमियम तिच्यात नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. मग नियोडिमियमचे चुंबक का अडले? मोटर तापते. साधा नियोडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतो. दीडशे-पावणेदोनशे अंशांवर तो टिकावा म्हणून त्यात थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. स्वयंपाकात मीठ घालावे तसे. चीनने धान्य, भाजी, तेल काहीच अडवले नाही, मीठ तेवढे अडवले.

ही बंदी नव्हती, परवान्याची अट होती. पण परवाना मिळवायचा तर माल कोठे, कोणत्या यंत्रात, कोणासाठी वापरला जाणार याचे अंतिम-वापर प्रमाणपत्र द्यायचे. ते लष्करी कामासाठी नाही याची हमी द्यायची. आपल्या देशातील उद्योगांना तर त्यावर सरकारी खात्याचा आणि चिनी वकिलातीचा शिक्का मिळवावा लागत होता. आपल्या कारखान्याची आतली माहिती परक्या सरकारच्या टेबलावर ठेवल्याशिवाय हातभर चुंबक मिळेनात. मे २०२५ मध्ये चीनची चुंबक-निर्यात १,२३८ टनांवर घसरली; आदल्या वर्षीच्या मे महिन्याच्या तुलनेत जवळपास तीन चतुर्थांश घट. फोर्ड कंपनीने शिकागोचा कारखाना आठवडाभर बंद ठेवला. जपानमध्ये सुझुकीने स्विफ्टचे उत्पादन थांबवले. आपल्याकडे मारुती सुझुकीने आपल्या विजेवर चालणाऱ्या ई-व्हिटारा गाडीचे सहामाही उद्दिष्ट २६,५०० वरून ८,२०० वर आणल्याचे वृत्त आले. आणि आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोने जुलैमध्ये जाहीरपणे सांगितले की पुरवठा सुधारला नाही तर ऑगस्टमध्ये विजेवरील वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. पुढे मार्ग निघाला, ती वेळ टळली. पण ज्या आकुर्डी-चाकण पट्ट्यात शेकडो लहान पुरवठादार या वाहनांच्या सुट्या भागांवर जगतात, तेथे त्या महिन्यांत काय धाकधूक झाली असेल याची कल्पना करावी.

क्रिसिलने जून २०२५ मध्ये म्हटले होते की वाहनाच्या किमतीत या चुंबकाचा वाटा बहुधा ५ टक्क्यांहूनही कमी असतो. आदल्या आर्थिक वर्षातील भारताची या चुंबकांची आयात सुमारे ५४० टन आणि त्यातील ८० टक्क्यांहून अधिक चीनमधून, असाही तिचा अंदाज होता. खनिज तेलाच्या, सोन्याच्या आयातीशेजारी हा आकडा ठेवला तर तो दिसणारही नाही. नेमके म्हणूनच वर्षानुवर्षे कोणी त्याकडे पाहिले नाही. आयातीच्या बिलाची रक्कम पाहून धोका मोजण्याची सवय आपल्या अर्थविषयक लिखाणाला लागलेली आहे, आणि त्यात आम्ही पत्रकारही आलो.

सरकारी माहितीनुसार २०२२-२३ ते २०२४-२५ या काळात आपल्या स्थायी चुंबकांच्या आयातीत चीनचा वाटा मूल्याच्या हिशेबाने ६० ते ८१ टक्क्यांच्या दरम्यान, तर वजनाच्या हिशेबाने ८५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान होता. मूल्य कमी आणि वजन जास्त, याचा अर्थ चीनचा माल इतरांच्या मालापेक्षा स्वस्त पडतो. स्वदेशी कारखाना निघेल तेव्हा त्याला पहिली टक्कर याच तफावतीशी द्यावी लागेल.

खंत वाटावी असा भाग पुढे आहे. १९०९ मध्ये केरळातून जर्मनीला गेलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने तपासली आणि त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट असल्याचा शोध लागला. त्या काळी गॅसबत्तीच्या जाळीसाठी त्यातील थोरियम हवे असे; वाळू जहाजे भरभरून परदेशी गेली. स्वातंत्र्यानंतर मात्र आपण जागे होतो. ऑगस्ट १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही संस्था स्थापन झाली आणि १९५२ मध्ये केरळातील अलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. चीनचे नावही या क्षेत्रात नव्हते तेव्हा आपण या मूलद्रव्यांवर प्रक्रिया करीत होतो. पुढे स्वस्त चिनी मालापुढे ते परवडेनासे झाले आणि २००४ च्या सुमारास उत्पादन थांबवले गेले. २०१० च्या धक्क्यानंतर ओडिशात छत्रपूर येथे मोनाझाइट प्रक्रियेचा नवा कारखाना उभा राहिला. पण त्यातून निघणारा माल चुंबकात रूपांतरित करणारी पुढची कडी देशात नव्हती, म्हणून तो एका करारान्वये जपानकडे जात होता. जून २०२५ मध्ये तो करार स्थगित ठेवावयास सरकारने सांगितल्याचे वृत्त आले. कच्चे विकायचे आणि पक्के विकत घ्यायचे. दादाभाई नौरोजींनी ज्या प्रकारावर आयुष्यभर लिहिले, तो वेगळा कोठे होता?

अणुऊर्जा विभागाच्या मोजणीप्रमाणे आपल्याकडे सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट आहे आणि त्यात ७२ लाख टनांच्या आसपास दुर्मिळ मृदांची ऑक्साइडे. आंध्र, ओडिशा, तामिळनाडू, केरळ यांचा वाटा मोठा. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे, पण ती मुख्यतः इल्मेनाइटची, टायटॅनियमसाठी. हा साठा ऐकून टाळ्या वाजवाव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि दोन अडचणी सांगितल्याच पाहिजेत. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने ते अणुऊर्जेच्या कडक नियमांत बांधले गेले, आणि किनाऱ्यावर माणसे राहतात. केरळातील आलप्पाड गावच्या लोकांनी २०१९ मध्ये वाळूच्या खाणकामाविरुद्ध केलेले आंदोलन राष्ट्रविरोधी म्हणून झटकून टाकण्यासारखे नव्हते. त्यांची जमीन समुद्रात जात होती. दुसरी अडचण अशी की, आपल्या वाळूत नियोडिमियम आहे, पण ते ‘मीठ’, म्हणजे डिस्प्रोसियम आणि टर्बियम, नगण्य आहे. साठा आहे म्हणून स्वयंपूर्णता आपोआप येणार नाही.

मे २०२३ मध्ये विशाखापट्टणम येथे समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा स्वदेशी तंत्रज्ञानाचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा यांचे ते तंत्रज्ञान आहे. क्षमता वर्षाला ३,००० किलो, म्हणजे तीन टन. संरक्षण आणि अंतराळ क्षेत्रांसाठी तिचे मोल मोठे आहे; रस्त्यावरच्या वाहनांशी तिचा संबंध नाही. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबकांची क्षमता, जास्तीत जास्त पाच उद्योगांत वाटलेली. त्यात ७५० कोटी रुपये भांडवली साहाय्य आणि ६,४५० कोटी रुपये विक्रीशी निगडित प्रोत्साहन. दोन वर्षे उभारणीची, पाच वर्षे प्रोत्साहनाची. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात वर उल्लेखिलेल्या चार राज्यांत दुर्मिळ मृदांचे विशेष पट्टे उभारण्याची घोषणा झाली.

या योजनेत मला आवडलेली गोष्ट म्हणजे पैशाचा मोठा भाग विक्री झाल्यावर मिळणार आहे. नुसती इमारत उभारून कोणाला भागणार नाही. काळजी वाटते ती विक्रीचीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने निर्बंध आणखी कडक केले आणि महिनाअखेरीस अमेरिकेशी बोलणी झाल्यावर ते नवे निर्बंध १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित केले. एप्रिलची अट मात्र उठवली नाही. नळ घट्ट करायचा, सैल करायचा, हे त्यांच्या हातात आहे. आणि नळ सैल झाला की भाव उतरतात, नवे कारखाने आजारी पडतात. अमेरिकेने हे ओळखले. जुलै २०२५ मध्ये तेथील संरक्षण खात्याने माउंटन पासच्या आताच्या मालक कंपनीत ४० कोटी डॉलर गुंतवले आणि नियोडिमियम-प्रॅसिओडिमियमला किलोमागे ११० डॉलर या किमान भावाची दहा वर्षांची हमी दिली; त्या वेळच्या बाजारभावाच्या जवळपास दुप्पट. मुक्त बाजाराचे गोडवे गाणाऱ्या देशाने हमीभाव दिला! आपल्या शेतकऱ्याला हमीभाव का, असे विचारणारे अमेरिकी अर्थतज्ज्ञ त्या दिवशी कोठे होते, हे मला ठाऊक नाही.

आपल्या योजनेत असा किमान भाव नाही. म्हणून खरा प्रश्न आपल्या वाहन उद्योगाला विचारावा लागेल : चिनी चुंबक पुन्हा स्वस्तात मिळू लागेल त्या दिवशी, काही टक्के महाग असलेला भारतीय चुंबक घेण्याचे लेखी करार आपण आज करणार का? वाहनाच्या किमतीत ज्याचा वाटा पाच टक्क्यांहून कमी आहे, तो थोडा महाग झाला तर गिऱ्हाईकाला कितीसा भार पडेल?

समारोपाआधी आपणा सर्वांना, विशेषतः वाणिज्य शाखेच्या तरुण मित्रांना, एक काम सांगतो. येत्या दोन-तीन वर्षांत ‘चुंबकांची आयात घटली’ अशा बातम्या येतील. तेव्हा केवळ ८५०५११ पाहू नका. शेजारी ८५०१ हा क्रमांकही पाहा. तो विद्युत मोटरींचा आहे. २०२५ च्या टंचाईत आपल्याकडील काही उद्योग चुंबकाऐवजी तयार मोटरच चीनमधून आणण्याचा विचार करीत होते; कारण परवान्याची अट सुट्या चुंबकावर होती, मोटरीच्या पोटातील चुंबकावर नव्हती. एका रकान्यातला आकडा उतरला आणि दुसऱ्यातला चढला, तर चुंबक आला नाही असे नव्हे. तो वेष पालटून आला, आणि येताना मोटर बांधणाऱ्या आपल्या कामगाराचे कामही घेऊन गेला. हे दोन रकाने शेजारी ठेवून दर तिमाहीला कोणी आलेख काढला, तर तो मला अवश्य पाठवावा. आता प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे राखलेली आहेत.